विळीबद्दल बोलायचं नाही

हाताचा पंजा समोर धरून आमची वकीलबाई माणसाला थांबवायची, चौकातला पोलीस गाडी थांबवतो तशी. आणि म्हणायची, "ते नंतर. आधी सांगा, हे ठरवणार कोण?"

भांडण कशाचंही असो. एकदा इथं ओहायोत, आमच्या डब्लिन गावच्या गणपतीत सिनसिनाटीहून आलेल्या एका गृहस्थांनी कुरकुर सुरू केली, की तुमच्या डब्लिनच्या मंडळाची आरती फार लांबते, देवसुद्धा ताटकळतो. आमच्यातले दोघंतिघं त्यांना समजावायला लागले, की आरती लांब नाही, तुम्हाला जेवणाची घाई आहे. आवाज चढले. वकीलबाई मागच्या खुर्चीवर फुटाणे खात बसली होती. तिथूनच पंजा वर. "लांब आहे का आखूड, ते नंतर. तुम्ही सिनसिनाटीचे. डब्लिनची आरती किती लांब असावी, हे ठरवणार कोण?" गृहस्थ आमच्याकडं बघायला लागले, आमचे लोक त्यांच्याकडं. तेवढ्यात कापूर पेटला आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. मुद्द्यावर बोलूच देत नाही म्हणून आधी त्याचा राग येतो. मलाही यायचा.

तिचं नाव सांगत नाही, तिला चालणार नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. नागपूरची, साठीची. जन्मभर टेक्सासात वकिली केली आणि मग नवऱ्याची नोकरी ओहायोत आली म्हणून इकडं आली. टेक्सासची सनद मात्र सोडली नव्हती. पंजाबी ड्रेसखाली पळायचे बूट घालायची, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. या देशात कोणी हॉर्न वाजवत नाही, पण तिच्या मागं असले की वाजवायचे, इतकी सावकाश गाडी. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, म्हणून इथं तिला "ती" म्हणतो. तोंडावर मी बाई म्हणायचो, अहोजाहो करायचो. ती मला काका म्हणायची.

माझं सांगायचं तर आम्ही लोहार. कराडच्या अलीकडं आमची भट्टी होती. शाळा चौथीपर्यंत, पुढं ऐरण. बायको गेल्यावर मुलाने इकडं आणलं. सगळे कागद रीतसर आहेत. पहिल्या हिवाळ्यात खिडकीतून बर्फ बघून बघून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा मी गॅरेजमध्ये एक टेबल मांडलं, पकड बसवली, ग्राइंडर आणला आणि विळ्या करायला लागलो. मुलगा म्हणाला, "बाबा, इथे विळी कोण वापरतं?" पहिल्याच गणपतीत बायकांची रांग लागली. ओट्याशी उभं राहून सुरीने चिरतात, पण मोदकाचं खोबरं खवायला बसली की मराठी बाईला विळीच आठवते.

आमची ओळख ग्राइंडरमुळं झाली. एका दुपारी ती गॅरेजच्या उघड्या दारात येऊन उभी. मला वाटलं, आवाजाची तक्रार. मी आधीच सांगून टाकलं, "मी दुपारीच चालवतो, आणि बंद करणार नाही."

ती म्हणाली, "मी बंद करा म्हटलं का? मी विचारून राहिली, आत येऊ का?"

दार सताड उघडं होतं, तरी या म्हटल्याशिवाय ती आत आली नाही. मग टेबलावरची विळी उचलली, पातं उघडून मिटून पाहिलं. "माझ्या आईकडे अशीच होती. पातं मात्र असं घट्ट नव्हतं."

"नसेलच. ती दुकानातली असणार."

"फार मिजास आहे हो, काका."

"हाय," मी म्हणालो. त्यात लपवायचं काय?

आता माझी एक रीत सांगतो, कारण पुढं सगळं तिच्यावर आलं. बाईला समोर बसवल्याशिवाय मी विळी देत नाही. आमच्या वडिलांचीही तीच रीत. खाली चटई टाकायची, त्यावर नुसता पाट ठेवायचा, आणि बाईला म्हणायचं, बसा, भाजी चिरल्यासारखं करा. गुडघा कुठं येतो, वाकते किती, डावरी आहे का, सगळं दिसतं. मग पाटाची लांबी आणि पात्याचा बाक ठरतो. दुसऱ्याच्या मापाची विळी म्हणजे दुसऱ्याची चप्पल. चालता येतं, पण कधीतरी पाय मुरगळतो.

यावरून घरात माझी फार चेष्टा व्हायची. मुलगा म्हणायचा, "बाबा, वेबसाइट करू. प्लेनोला, जर्सीला, सगळीकडे ऑर्डर घेऊ. लेफ्ट-हँडेड असा ऑप्शन टाकू."

"वेबसाइटवर मांडी घालून बसता येतं का?"

"यू आर इम्पॉसिबल," तो म्हणायचा. सूनबाई हसायची. पुढं टेक्सासात प्लेनोला पुतण्याच्या वास्तुशांतीला गेलो, तिथल्या बायकांनी विळ्या मागितल्या. मी म्हणालो, डब्लिनला या, बसा, मग देतो. विळीसाठी कोण विमानाने येतंय? कोणी आलं नाही. म्हातारा हेकट आहे, एवढं मात्र तिथं पसरलं.

मग तो कागद आला.

एक माणूस दारात आला, माझं नाव विचारलं, हातात पाकीट दिलं आणि गेला. सूनबाईने वाचलं आणि खुर्चीत बसली. टेक्सासच्या कोर्टातला दावा. आमच्या डब्लिनच्या एका बाईने माझ्याकडून विळी नेली होती. पुढं तिच्या नवऱ्याची बदली झाली, घर प्लेनोला गेलं, विळीही गेली. तिथं तिच्या घरी मोदक करायला चारजणी जमल्या. एक पाहुणी खोबरं खवायला बसली, जोर दिला, आणि पातं खाली आलं. तळहाताची शीर तुटली. कॉम्प्युटरवर काम करणारी बाई, उजवा हात. तिच्या वकिलाने दोघांवर दावा लावला. एक घरवालीवर, दुसरा माझ्यावर. जीवघेणी वस्तू करून विकली म्हणून.

मला जेवण गेलं नाही. दाव्यापेक्षा त्या हातामुळं. आपण केलेल्या वस्तूने कोणाचा हात जायचा, हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मुलाला मात्र कळलं होतं, की टेक्सासला उभं राहायचं म्हणजे तिथला वकील, तिथले हेलपाटे, आणि हरलो तर घरावर येणार. माझ्या विळीचा विमा नव्हता. तो नुसता फ्रीज उघडून उभा राहायचा आणि काही न घेता बंद करायचा.

कागदासोबत विळीचा फोटो होता. तो मी खिडकीशी नेऊन पाहिला. पातं जिथं मिटतं, तिथं मी रिव्हेट ठोकतो. तापवून, दोन्ही बाजूंनी डोकं बसवून. ते कधी सैल होत नाही. फोटोत तिथं स्क्रू होता. दुकानात पुडीत मिळतो तसा. सगळं माझ्या लक्षात आलं. घर हलवताना विळी मिटूनही खोक्यात बसली नसणार, म्हणून त्या बाईच्या नवऱ्याने रिव्हेट ड्रिलने उडवला, पातं सुटं केलं, आणि तिकडं जाऊन हाताला लागला तो स्क्रू पिळला. तो स्क्रू सैल झाला.

मी त्याच दुपारी सूनबाईला टाइप करायला बसवलं. कोर्टाला लिहिलं, की आम्ही किती पिढ्यांचे लोहार, रिव्हेट कसा ठोकतो, स्क्रू कोणी घातला, आणि माझ्या विळीला कोणी नाव ठेवलं तर त्याने मला समोर येऊन दाखवावं. दोन पानं झाली. मुलाच्या ऑफिसातला एकजण म्हणत होता, काही पाठवू नका, टेक्सासचा कागद आहे, केराच्या डब्यात टाका. मी म्हणालो, आपण चोर नाही, उत्तर देणार. पाकिटाला तिकीट लावलं. सूनबाईला काय वाटलं कोण जाणे, तिने वकीलबाईला फोन केला.

ती गुडघे सांभाळत आली. पायपुसण्यावर थांबली, "या" म्हटल्यावर आत आली. पाकीट फोडून दोन्ही पानं वाचली. वाचताना एकदा मान हलवली. मला वाटलं, पटलं.

"छान लिहिलं आहे, काका. हे पाठवलं असतं तर मेले असते तुम्ही."

"का? खोटं आहे का यात काही?"

पंजा वर. "खरं-खोटं नंतर. आधी सांगा, हे ठरवणार कोण?"

"कोर्ट."

"कोणतं?"

कोर्ट म्हणजे कोर्ट, अशी माझी समजूत.

मग तिने सांगितलं ते मला जसं कळलं तसं सांगतो, चूकभूल तिची नव्हे, माझी. या देशात प्रत्येक राज्याचं कोर्ट वेगळं. टेक्सासच्या कोर्टाने ओहायोच्या माणसाला ओढत न्यायचं, तर त्या माणसाने आपण होऊन टेक्सासशी काही व्यवहार केलेला पाहिजे, आणि भांडण त्या व्यवहारातून निघालेलं पाहिजे. तिथं माल पाठवला, तिथं दुकान काढलं, तिथल्या लोकांना बोलावून विकलं, तर जावं लागतं. पण विकत घेणारीने आपल्या मर्जीने वस्तू तिकडं नेली, तर तेवढ्याने करणारा टेक्सासचा होत नाही.

"पण हे पहिल्याच कागदात सांगावं लागतं," ती म्हणाली. "टेक्सासात ही रीत फार कडक आहे. आधी फक्त एवढंच म्हणायचं, की मला विचारायचा तुमचा हक्क नाही. त्याच्या आधी विळी चांगली, स्क्रू वाईट, असं एक वाक्य जरी लिहिलं, तरी तुम्ही त्यांच्या पंगतीत बसले. मग उठता येत नाही."

"आणि काहीच पाठवलं नाही तर?"

"तर एकतर्फी निकाल. तो कागद घेऊन ते इथे वसुलीला येतात. त्या ऑफिसवाल्याला सांगा, केराचा डबा स्वतःच्या कागदांसाठी ठेव."

"म्हणजे मी निर्दोष आहे, हे सांगायचं नाही?"

"विळीबद्दल बोलायचं नाही. एक शब्द नाही. मी सांगेपर्यंत विळी हा विषय तुमच्या घरात नाही."

मी म्हणालो, मला नाही जमणार. माझ्या वस्तूला कोणी जीवघेणी म्हणतं, माझ्यापाशी उत्तर आहे, आणि मी म्हणायचं की तुम्ही विचारणारे कोण? हे तर चोराचं बोलणं. ती म्हणाली, "मग दुसरा वकील पाहा." आणि खरंच उठली. दाराशी पोचली तेव्हा मुलगा मध्ये आला. त्याचं तोंड पाहून मी म्हणालो, "बसा, बाई." तिने फी सांगितली, रीतसर घेतली. म्हणाली, फुकटच्या वकिलाला कोणी ऐकत नाही, तुम्ही तर मुळीच नाही.

पुढचे महिने कसे काढले ते माझं मला माहीत. त्या बाईचा हात कसा आहे हे विचारायला फोन करायचा होता. वकीलबाईने तोही करू दिला नाही. "तुम्ही हाताचं विचाराल, आणि तिसऱ्या वाक्यात रिव्हेट येईल. ओळखते मी तुम्हाला." ते खरं होतं, म्हणून जास्त राग आला.

प्रतिज्ञापत्र लिहिताना तिने मला उलटंपालटं करून विचारलं. टेक्सासला कधी विळी पाठवली? नाही. टपालाने? कुरियरने? कोणाच्या बॅगेतून? नाही, नाही, नाही. कोणाला फोनवर भाव सांगितला? बसल्याशिवाय भाव कसा सांगणार? इथं ती लिहायची थांबली. "हे परत सांगा, काका. बसल्याशिवाय म्हणजे काय?" मी चटईचं, पाटाचं सगळं सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, आणि सावकाश लिहून घेतलं. मुलगा शेजारी होता. माझ्याकडं पाहिलं आणि खाली पाहिलं. वेबसाइटचं त्यालाही आठवलं असणार. मी काही बोललो नाही. म्हणजे फार बोललो नाही.

मग वास्तुशांतीचं निघालं. मुलगा म्हणाला, "ते कशाला सांगायचं? एक वीकेंड तर होता."

वकीलबाईने पेन खाली ठेवलं. "लपवलं की मेलं. समोरचा शोधून काढेल, आणि मग तुमच्या बाबांच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. काका, प्लेनोला काय काय केलं? सगळं."

मी सांगितलं. जेवलो. पूजेला बसलो. पुतण्याच्या सासूच्या सुऱ्या बोथट होत्या, त्यांना धार लावून दिली. आणि बायकांना माझ्या विळ्यांबद्दल सांगितलं.

"किती वेळ सांगितलं?"

"जेवणं होईस्तोवर."

तिने डोळे मिटले. पण लिहिलं सगळं, सुऱ्यांसकट.

सुनावणी पडद्यावर झाली. आमच्याच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, माझ्या शेजारी वकीलबाई. खाली पळायचे बूट, वर काळा कोट. पडद्यावर टेक्सासच्या जज्जबाई, समोरचा वकील, आणि एका चौकोनात दुभाषी, स्वच्छ पुणेरी बोलणारी मुलगी. ती मला "आपण" म्हणायची, त्यामुळं प्रत्येक वेळी मी ताठ बसायचो.

समोरचा वकील तरुण होता, हसरा. त्याने आधी वास्तुशांतच काढली. हे गृहस्थ टेक्सासात आले आणि त्यांनी आपल्या मालाची जाहिरात केली, म्हणाला. जज्जबाईंनी विचारलं, "मग तिथे कोणी विकत घेतली?"

मी म्हणालो, "मागितल्या. मी दिल्या नाहीत. म्हणालो, डब्लिनला या."

"आणि ज्या सुऱ्यांना धार लावली, त्यांतल्या एखादीने ही जखम झाली का?"

"नाही. त्या सुऱ्यांनी सासूबाई फक्त काकडी चिरतात."

दुभाषी मुलीने ते तसंच सांगितलं. जज्जबाईंनी लिहून घेतलं.

मग वकील म्हणाला, "या देशात माणसं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, हे आपल्याला माहीत होतं?"

"माहीत आहे. मी स्वतः कराडहून आलोय."

"म्हणजे आपली विळी टेक्सासला जाऊ शकते, हे माहीत होतं."

"जाऊ शकते. चंद्रावरही जाऊ शकते. मी पाठवली नाही."

टेबलाखाली बुटाने माझ्या पायाला टोचलं.

मग त्याने हळूच विचारलं, आवाज अगदी गोड करून, "आपली विळी सुरक्षित आहे, असं आपल्याला वाटतं का?"

काय सांगू तुम्हाला. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम वर आलं. रिव्हेट हा शब्द दातांच्या मागं येऊन उभा राहिला. फोटो, स्क्रू, ड्रिल, वडील, सगळे रांगेत. मी तोंड उघडलं. आणि माझ्या नाकासमोर पंजा आला. तिने जज्जबाईंकडं पाहून इंग्रजीत हरकत घेतली, पण पंजा माझ्या तोंडासमोरून काढला नाही. जज्जबाई म्हणाल्या, बरोबर आहे, हा प्रश्न आजचा नाही. पंजा खाली गेला. मी तोंड मिटलं. आयुष्यात घणाचे घाव घातले, पण एवढं जड काम केलं नव्हतं.

शेवटी जज्जबाईंनी स्वतः विचारलं. "तुम्ही टपालाने का पाठवत नाही? सगळे पाठवतात."

"बाई समोर बसल्याशिवाय मला तिचा गुडघा कळत नाही."

दुभाषी मुलगी अडखळली. गुडघ्याचं इंग्रजी तिला येत होतं, पण हे असं सांगायचं कसं? वकीलबाईने परवानगी मागून मला ते नीट फोडून सांगायला लावलं, चटईपासून. जज्जबाई ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईक तुमच्यासमोर ओहायोत बसलेलं आहे?"

"प्रत्येक. विचारा कोणालाही."

लॅपटॉप मिटल्यावर वकीलबाईने काळा कोट काढून खुर्चीवर टाकला. मग म्हणाली, "चंद्राची गरज नव्हती, काका."

निकाल यायला वेळ लागला. एका सकाळी मी गॅरेजमध्ये पाट रंधत होतो, तर ती गल्लीच्या टोकापासून चालत येताना दिसली. गुडघ्यांमुळं ती चालत कधी यायची नाही. हातात काही नाही, चेहऱ्यावरही काही नाही, वकीलच ती. दारात थांबली. मी "या" म्हणायलाही विसरलो.

"टेक्सासने तुम्हाला सोडलं," ती म्हणाली. "दाव्यातून नाव काढलं."

मी स्टुलावर बसलो. छातीवर ऐरण ठेवलेली असावी आणि कोणीतरी उचलून न्यावी, तसं झालं. मुलगा घरूनच काम करत होता. तो मीटिंग तशीच सोडून खाली आला, आणि ऐकल्यावर इतका मोठ्याने हसला, की पलीकडच्या घरचं कुत्रं भुंकायला लागलं. सूनबाईने शिऱ्याला रवा भाजायला घेतला. मुलगा म्हणाला, "बाबा, वेबसाइट नाही केली ते बरं झालं."

"कोण करू देत नव्हतं?" मी विचारलं.

"तुम्ही, तुम्ही. मान्य."

शिरा खाताना ती मला म्हणाली, "पण एक ध्यानात ठेवा. तुम्ही जिंकले नाहीत. विळी चांगली, असं कोणी म्हटलं नाही. टेक्सासने हे विचारायचं नाही, एवढंच ठरलं. ती बाई उद्या ओहायोत येऊन दावा लावू शकते."

"लावू दे. मग तरी बोलू ना?"

"मग बोला. पोटभर बोला."

कोणी आलं नाही. प्लेनोच्या घरवालीच्या विमा कंपनीने त्या बाईशी मिटवून टाकलं, असं कळलं. मग वकीलबाईने मला फोन करायची मोकळीक दिली, स्वतः समोर बसून. नाव सांगताच त्या बाईने मला ओळखलं. म्हणाली, "काका, हात बरा आहे आता. कणीक मळते. बोटांना मुंग्या येतात थोड्या, पण डॉक्टर म्हणतात, जातील." मी म्हणालो, बरं झालं, बाळ. तुझा हात बरा झाला, हे सगळ्यात बरं झालं. आणि फोन ठेवला. वकीलबाई माझ्याकडं पाहत होती. रिव्हेटचं काढलं नाही मी. तिने पुडी पुढं केली, मी मूठभर फुटाणे घेतले.

पुढं तिचा नवरा रिटायर झाला. मुलगी टेक्सासात, तिला बाळ झालेलं. घर विकायची पाटी लागली. जायच्या आधी ती आली आणि म्हणाली, "काका, मला खाली बसता येत नाही. उभ्याने चालेल अशी विळी करता का? ओट्याला आवळून ठेवता येईल अशी."

मी म्हणालो, "उभ्याने चिरायला सुरी असते. ती विळी नव्हे."

"बरं," ती म्हणाली. हट्ट केला नाही. हट्ट केला असता तर मला बरं वाटलं असतं, नाही म्हणायला जोर आला असता. दुसऱ्या आठवड्यात ती गेली. तिच्या घरात आता नवे लोक आलेत. चांगले आहेत, हात करतात. कोणी कशाला थांबवत नाही. परवा मंडळात प्रसादाच्या साखरेवरून अर्धा तास वाद झाला, आणि थांबवणारं कोणी नव्हतं. सगळे मुद्द्यावरच बोलत होते. कान किटले.

त्याच आठवड्यात मी पातं तापवायला घेतलं. ओट्याला आवळायची विळी. पकड खालून, पातं आडवं, खवणी पुढं. अवघड नाही. पण शेवटचा बाक ठरेना. उभी राहिली की तिचं कोपर कुठं येतं, ओटा केवढा, जोर कसा देते, यातलं मला काही माहीत नाही. मुलगा म्हणाला, मेझरमेंट्स मागवू, फोटो मागवू. मी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो म्हणाला, "ओके, ओके."

मी तिला फोन लावला. म्हणालो, "बाई, विळी अर्धी झाली आहे. उरलेली तुमच्या ओट्याशी तुम्हाला उभं करून करणार. मी येतोय."

"इथे येऊन करणार? टेक्सासात?"

"व्हय."

"काका, तुम्ही स्वतः येऊन, माझ्या घरी बनवून, माझ्या हातात दिली, तर उद्या काही झाल्यावर टेक्सासला तुम्हाला बोलावता येईल. मग मी काही करू शकणार नाही."

"बोलावू दे की. तेव्हा विळीबद्दल बोलायला लागेल ना?"

पलीकडून फुटाणे चावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "या."

मुलाने तिकीट काढलं आहे. पातं जाड कापडात गुंडाळून मोठ्या बॅगेत घातलंय, रिव्हेट एका मोज्यात बांधलेत. लागतात त्यापेक्षा जास्त घेतलेत. प्लेनो तिच्या घरापासून लांब नाही, पुतण्या गाडी घेऊन येतो म्हणालाय. त्या घरवालीने ती विळी अजून टाकून दिली नसेल, तर स्क्रू काढून तीही नीट करून देईन. मात्र आधी तिला पुन्हा खाली बसवून बघणार.